शेरा

मी पोस्टात आहे. कारंजा तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आमचं शाखा डाकघर चालतं आणि मी तिथली डाकपाल. टेबल, कपाट, तारखेचा शिक्का, शाईची गादी, एवढाच संसार. सप्टेंबर 2024च्या शेवटी एका सकाळी थैली उघडली तर आजीच्या नावाचा लिफाफा निघाला. तिला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. वाटपाला जाणाऱ्या मुलानं तो वेगळा काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, याच्यावर शेरा तुमीच लिहा."

टपाल परत करायचं तर कारण लिहावं लागतं. पत्ता अपुरा, गाव सोडून गेले, घेण्यास नकार, मयत. यातला शेवटचा शब्द मी इतक्या वर्षांत किती वेळा लिहिला असेल, त्याचा हिशेब नाही. हात कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी मात्र मी लिफाफा खणात ठेवला आणि खण लोटून दिला.

लिफाफा कुठल्याशा सरकारी कार्यालयाचा होता. आत काय असणार हे न उघडताही कळत होतं. असे लिफाफे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना येतात. हयातीचा दाखला सादर करा, नाहीतर निराधारचा पगार थांबेल. पत्त्यात तालुका कारंजा, जिल्हा अकोला. आमचा जिल्हा 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम झाला, पण कुठल्यातरी जुन्या यादीत आजी अजून अकोला जिल्ह्यातच राहत होती. ती स्वतःही शेवटपर्यंत 'जिल्ह्याले जातो' म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अकोलाच असायचं.

आम्ही नातवंडं तिला मोठीमाय म्हणायचो. तिचा जन्म याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावचा. जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती; पण बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेव्हा ती बारा वर्षांची होती, हे ती ठामपणे सांगायची. तिचं सगळं आयुष्य त्या एका तारखेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडायचं. 14 ऑक्टोबर 1956.

अलीकडच्या बाजूची एक गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. त्या काळी तिचं घर महारवाड्यात होतं. भाद्रपदात पितृपक्ष लागला की तिची आई टोपलं घेऊन गावात जायची. ज्या घरी त्या दिवशी पितर असतील त्या घराच्या परसात, भिंतीच्या पलीकडे उभं राहायचं. आधी आगारी व्हायची, मग कावळ्याला पान, मग घरच्यांची पंगत, मग गडीमाणसं. सगळं आटोपलं की उरलंसुरलं भिंतीवरून टोपल्यात पडायचं. आजी आईचा पदर धरून उभी असायची. उरलेले वडे घरी आणून उन्हात वाळवायचे आणि पुढे महिनाभर कढत पाण्यात भिजवून खायचे. "लोकायच्या मेलेल्यायचं उष्टं खाऊन आमी जित्ते रायलो," ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता. ज्वारीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली.

दीक्षेला तिचे वडील गेले होते. कारंज्याहून शकुंतला गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. ती अरुंद रुळांची, बैलगाडीशी शर्यत लावणारी शकुंतला आता बंद पडली आहे. परत आल्यावर त्यांनी घरातले देव टोपल्यात भरले आणि लेकीला बरोबर घेऊन अडाण नदीवर गेले. टोपल्यात खंडोबा होता, मरीमाय होती आणि चांदीचा एक टाक होता, पत्र्यासारखा पातळ. तो वडिलांच्या आईचा. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देवात बसवायचा, ही जुनी रीत. त्या घरात चांदी म्हणून काय होती ती तेवढीच.

देव बिनतक्रार गेले. टाक हातातून सुटला तेव्हा मोठीमाय रडायला लागली. आजी बुडाली, म्हणाली. तिच्या वडिलांनी धोतर वर खोचून पाण्यात उभ्या उभ्या तिला विचारलं, "काऊन वो, तुही आजी काय चांदीची होती?"

हा प्रश्न तिला जन्मभर पुरला. मला तो आता कुठे कळायला लागला आहे.

दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. शाळेत असताना मला ती सगळ्यांत सोपी वाटायची. करायचं नाही, संपलं. आजी गेली तेव्हा ती किती अवघड आहे हे समजलं. आईला समोर ताट वाढलं की वाटायचं, एक घास बाजूला काढावा. कुणासाठी, हे तिलाही सांगता येत नव्हतं. हात आपोआप ताटाच्या कडेकडे जायचा आणि परत यायचा.

आमच्याकडे सातव्या दिवशी जलदान विधी झाला. भिंतीला पांढरं कापड, बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या शेजारी मोठीमायचा फोटो. तो आधारकार्डावरचाच मोठा करून घेतलेला, कारण दुसरा नव्हता. त्रिशरण, पंचशील. मग घरच्या सगळ्यांनी मिळून एक तांब्या धरला आणि खाली ठेवलेल्या वाटीत बारीक धार सोडली. भंतेजी गाथा म्हणत होते. वाटी भरली, काठावरून ताटात सांडू लागली, तरी धार चालूच. पाऊस जसा उंचावरून सखल भागाकडे वाहत येतो, नद्या भरून जसा सागर भरतो, तसं इथून दिलेलं गेलेल्यांना पोहोचतं, असा त्या गाथेचा आशय. शेवटी ते पाणी आम्ही कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं.

पोहोचतं, हा शब्द माझ्या कानात अडकला. तो माझ्या रोजच्या कामातला शब्द आहे. लोक खिडकीशी येऊन दुसरं काही विचारतच नाहीत. "पोचलं का वो ताई?" पोहोचायला पत्ता लागतो आणि पत्त्यावर कुणीतरी असावं लागतं. आमच्या धम्मात तर आत्मा नाही. मग पत्ता कुणाचा?

त्या गाथेची गोष्ट 'तिरोकुड्ड सुत्ता'शी जोडलेली आहे. तिरोकुड्ड म्हणजे भिंतीपलीकडचं. हे सुत्त पाली 'खुद्दकपाठा'त आहे, 'पेतवत्थू'तही आहे. त्यात गेलेली माणसं आपल्याच जुन्या घरी परत येतात. भिंतींच्या पलीकडे, चौकाचौकांत, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहतात. ती जिथे आहेत तिथे शेती नाही, गुरं नाहीत, व्यापार नाही. इथून जे दिलं जाईल त्यावरच त्यांचं भागतं. अट्ठकथा सांगते की राजगृहाच्या बिंबिसार राजानं दान दिलं, पण आपल्या गेलेल्या नातलगांची आठवण करून दिलं नाही; रात्री त्यांनी आक्रोश केला. दुसऱ्या दिवशी राजानं त्यांच्या नावानं दान दिलं तेव्हा ते निवले.

हे ऐकून शिकलेला बौद्ध माणूस अवघडून बसतो, आमचे बाबाही बसले. भिंतीमागे उभं राहायला कोणीतरी उरावं लागतं, आणि कोणी उरत नाही असं तर आपण म्हणतो. बाबासाहेबांनी ही अडचण झाकली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच ते विचारतात की आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुढे ते प्रश्नाचे दोन तुकडे करतात, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. पहिल्याचं उत्तर ते देतात: देह ज्या पृथ्वी, आप, तेज, वायूचा बनला ती तत्त्वं नष्ट होत नाहीत, आपापल्या साठ्यात जाऊन मिळतात. दुसऱ्या प्रश्नापाशी आत्म्याला जागा उरत नाही.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी हा ग्रंथ वाचतात. मोठीमायला अक्षर येत नव्हतं, पण तिनं तो इतके पावसाळे ऐकला होता की वाचणारीनं पान चुकवलं तर ती मागून टोकायची. मी दहावीत असताना हे प्रकरण वाचायची पाळी माझी होती. वाचून झालं तशी ती म्हणाली, "म्हंजे माह्या मायची माती मातीत गेली, पानी पान्यात गेलं. मंग तिचं बोलनं कुठी गेलं?"

मी पान मागेपुढे करून म्हटलं, "ते पुस्तकात नाही."

"नसंन. थे आपल्याले पाहा लागते."

मिलिंद राजाला भिक्खू नागसेन दिव्याचं उदाहरण देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत, तीच का? तीच नाही आणि दुसरीही नाही. हे उदाहरण फार सुंदर आहे, पण आजी गेल्यानंतरच्या दिवसांत मला त्याचा राग आला होता. मला ज्योत नको होती, तो दिवाच हवा होता. काजळी धरलेला, कान फुटलेला. तंबाखूच्या डबीचा वास असलेला तो पदर हवा होता. धम्मानं मला ती खोटी आशा दिली नाही. आजी वरून पाहते आहे, असं आमच्या घरात कुणीही मला सांगितलं नाही. त्या पंधरा दिवसांत हेवा वाटला, ज्यांना असं सांगणारं कुणी असतं त्यांचा.

ज्योतीपेक्षा मला माझ्या कामातलं उदाहरण उपयोगी पडलं. आजीचं माहेरचं गाव तिच्या जन्माच्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं. वडील दीक्षेला गेले तेव्हा ते मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. दोन-अडीच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबर 1956ला, ते मुंबई राज्यात गेलं. 1960ला महाराष्ट्रात. 1998पर्यंत जिल्हा अकोला, मग वाशिम. ज्वारी-कपाशीच्या जागी सोयाबीन आलं, महारवाड्याचं नाव भीमनगर झालं, शिवारापलीकडून आता समृद्धी महामार्ग जातो. तेच गाव का? तेच नाही, दुसरंही नाही. आणि तरी त्या गावाला पत्र जातं. जुन्या जिल्ह्याचं नाव घातलं तरी जातं, कारण वाटेत कुणीतरी ओळखणारं बसलेलं असतं. म्हणजे टिकून राहण्याची सगळी जबाबदारी गावाची नाही, थोडी ओळखणाऱ्याचीही आहे.

इथवर मी आले होते. पुढचं मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. सर्वपित्री अमावास्येला शिकवलं गेलं.

त्या वर्षी ती 2 ऑक्टोबरला आली. गांधी जयंती, पोस्ट बंद. आमच्या समोर एका कास्तकाराचं घर आहे. तिथल्या काकू आणि मोठीमाय यांची वीस वर्षांची बसउठ. सांडपाण्याच्या नालीवरून भांडण आणि तुरीच्या शेंगा सोलायला एकच सूप, दोन्ही चालायचं. सकाळी अकराच्या सुमाराला काकू दारात आल्या. हात पिठाचे.

"रागावू नको वो पोरी. तुमच्यात करत नाहीत, मले मालूम हाय. पन मी आमच्या पितरायसंगं तुह्या आजीच्या नावानं एक पान काढलं. सैपाक करता करता हातच थांबेना."

मी काही बोलले नाही. काकू गेल्या. मी ओट्यावर बसून राहिले.

माझ्या मनात टपालाचे दोन शेरे आले. मयत, की घेण्यास नकार? मयत तर ती होतीच. पण त्याआधी अडुसष्ट वर्षं तिनं असलं पान घ्यायला नकार दिला होता. त्या नकारावर तिचं सगळं माणूसपण उभं होतं. आता तिला बोलता येत नाही म्हणून तिच्या नावानं पान काढायचं, हा तिच्या शब्दाचा मोड नव्हता का? दुसरीकडून हेही दिसत होतं की काकूंच्या मनात धर्माचा वाद नव्हता. मैत्रीण गेली होती. तिच्यासाठी काय करायचं याची त्यांना एकच रीत माहीत होती आणि ती त्यांनी केली. जिवंतपणी ज्या मुलीला दुसऱ्यांच्या पितरांचं शेवटचं उष्टं मिळालं, तिला आता पितरांच्या ओळीत पहिल्या पंगतीचं पान. ऐंशी वर्षांत टोपल्यातून पानावर. आणि आता ती जेवणार कुठे होती?

तेव्हा मला ते सुत्त आठवलं. भिंतीच्या पलीकडे, चौकटीला टेकून, कुणीतरी आपल्याला आठवेल म्हणून वाट पाहत उभी असलेली माणसं. विहारात मी ते ऐकलं तेव्हा भुतांची गोष्ट म्हणून ऐकलं होतं. पण भिंतीमागे उभं राहून वाट पाहणारी माणसं आमच्या घराला नवीन नव्हती. शेती नाही, गुरं नाहीत, व्यापार करायची मुभा नाही, दुसऱ्याच्या दारातून जे पडेल त्यावर भागवायचं, ही तर माझ्या पणजीची हकिकत होती. ती मेलेली नव्हती. जिवंत होती, टोपलं घेऊन उभी होती, आणि भिंतीच्या अलीकडे लोक मेलेल्यांना जेवू घालत होते.

गेलेल्यांना काही पोहोचतं का, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पण बाबासाहेबांनी ती सहावी प्रतिज्ञा का घातली असेल, याचं एक उत्तर त्या ओट्यावर बसल्या बसल्या मला सापडलं. मृतांच्या आठवणीला त्यांची हरकत असावी असं मला वाटत नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते ज्या बुद्धावर लिहीत होते तोही अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेला माणूसच. माझ्या समजुतीनं हरकत त्या रांगेला होती, ज्यात मेलेला आधी, कावळा मग, आणि जिवंत भुकेला माणूस भिंतीपलीकडे. त्या रांगेतून काहीच पोहोचत नव्हतं, ना इकडे ना तिकडे.

आणि आणखी एक. पोस्टात पत्र घेणारा मयत असेल तर शेरा आहे. पाठवणारा मयत असेल तर कुठलाच शेरा नाही. पत्र पेटीत टाकून माणूस त्याच रात्री गेला तरी ते पत्र वाटायचंच असतं. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956ला गेले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' 1957ला छापून आला. पाठवणारा नाही आणि पत्र आलेलं, आणि गावोगावच्या विहारांत बाया ते दर पावसाळ्यात उघडून वाचताहेत. मी इतके दिवस उलट्या बाजूचा हिशेब मांडत होते. आजीला काय पाठवू, ते पोहोचेल का. तिच्याकडून निघालेलं अजून वाटेत होतं आणि ते वाटायचं काम माझ्याकडे होतं. तिच्या आईचं बोलणं कुठे गेलं, हे तिनं 'पाहा लागते' म्हणून सोडून दिलं होतं. ते वाळवलेल्या वड्यांच्या गोष्टीतून माझ्यापर्यंत आलं होतं.

हे सगळं तेव्हा इतकं सरळ सुचलं नाही. तेव्हा मी एवढंच केलं, की उठून काकूंच्या घरी गेले. पुढच्या दारानं. पत्र्यावर दोन कावळे येऊन बसले होते. ओसरीवर पानं मांडलेली. खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, कोहळ्याची भाजी. काकू एक पान उचलून बाहेर न्यायला निघाल्या होत्या. मी विचारलं, "मोठीमायचं कोणतं?"

त्यांनी हातातलंच दाखवलं.

"मंग थे मले वाढा, काकू. इथी आत. मी जेवतो."

त्या बघत राहिल्या. त्यांच्या सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलायचे थांबले. काकूंनी क्षणभर पत्र्याकडे पाहिलं, मग पाट घातला. मी बसले. पितरांच्या आधी, कावळ्याच्या आधी. त्यांच्या रीतीत ते बसलं नसेल. माझ्या प्रतिज्ञेत बसलं का, हेही मी कुणाला विचारलेलं नाही. आमच्या विहारातल्या काही बायांना ते आवडलं नाही आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. वडा कढीत बुडवून मी पहिला घास घेतला. ताजा वडा इतका मऊ असतो, हे आजीला किती वर्षांची असताना कळलं असेल, हा विचार आला आणि घास गिळायला वेळ लागला.

काकू पलीकडे बसून वाढत होत्या. "तिले कढी आंबट लागे," त्या म्हणाल्या आणि आणखी एक पळी ओतली.

दुसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबरला, पोस्ट उघडल्यावर मी खणातून लिफाफा काढला. 'मयत' लिहिलं, तारखेचा शिक्का मारला, सही केली आणि परतीच्या थैलीत टाकला. पत्त्यातला जिल्हा दुरुस्त केला नाही. अकोलाच राहू दिला.